तहानेचं खापर तलावावर फोडण्याआधी

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी साडेसात वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी तिला बंदिस्त तलावावर पोहण्याच्या वर्गाला घातलं. पोहून आली की डोळे लाल होतात, कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला खाज सुटते, काही वेळा रात्री खोकलाही येतो. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं औषध दिलं, थोडा फरक पडला. पण याच सुमारास तिची तहान फार वाढली. शाळेत नेलेली बाटली संपवून दोनदा भरून घेते. वर्गातून शूसाठी सारखी उठते म्हणून बाईंनी वहीत लिहून पाठवलं. रात्री पाणी प्यायला उठते, आणि तीन-चार वर्षांनी पहिल्यांदा गादी ओली झाली, तीही दोनदा. चेहरा उतरलेला वाटतो, 'पण पोहण्याने अंग थोडं उतरणारच'. सासूबाई म्हणतात, क्लोरीनने अंगात कोरड पडते, तलाव बंद करा आणि संध्याकाळनंतर पाणी देऊ नका. यजमानांच्या मते ही नुसती सवय आहे. पोहायला शिकवणाऱ्या सरांना वाटतं, पाण्याचं आणि शूचं निमित्त करून ती तलावाबाहेर राहायला बघते. आई विचारते: पोहणं बंद करावं का? आणि तिला दिवसाला पाणी द्यावं तरी किती?

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देणार आहे. पण त्याआधी एक काम आहे आणि ते आजच करायचं आहे. मुलीची रक्तातली साखर तपासून घ्या. उपाशीपोटी जावं लागेल म्हणून उद्यावर ढकलू नका. अशी लक्षणं असलेल्या मुलाची साखर कोणत्याही वेळी, पोटभर जेवलेलं असतानाही तपासता येते. बोटाला टोचून काढलेल्या एका थेंबावर दवाखान्यात लगेच आकडा कळतो. सोबत लघवीतली साखर आणि कीटोन (शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ) बघायला सांगा. हे तुम्हाला पत्र वाचल्याबरोबर कळवलं आहे. इथे पुन्हा लिहिते आहे, कारण असंच पत्र मनातल्या मनात लिहिणारे आणखी आईबाप हे वाचत असतील, आणि त्यांनीही उरलेला मजकूर मागे ठेवून आधी दवाखाना गाठावा असं मला वाटतं.

घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाही. खूप पाणी पिणाऱ्या बहुतेक मुलांची साखर ठीकच निघते. पण तुमच्या पत्रात तहान एकटी आलेली नाही. तिच्याबरोबर वारंवार लघवी आहे, रात्रीचं उठणं आहे, सुटलेली सवय परत येऊन ओली झालेली गादी आहे आणि उतरलेला चेहरा आहे. ब्रिटनमधली 'डायबेटिस यूके' ही संस्था टाइप १ मधुमेह लवकर ओळखता यावा म्हणून पालकांना चार खुणा लक्षात ठेवायला सांगते: लघवीला जास्त जाणं, तहान वाढणं, थकवा येणं आणि वजन उतरणं. यातल्या तीन तर तुम्ही स्वतःच लिहिल्या आहेत.

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि आईबापांच्या चुकीनेही होत नाही. इन्सुलिन कमी पडलं की रक्तातली साखर वाढत जाते. ती दर डेसिलिटर रक्तात साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही. ती लघवीत उतरते आणि स्वतःबरोबर पाणी ओढून नेते. म्हणजे मूल आधी पाणी गमावतं आणि मग ते भरून काढायला पितं. आपल्या डोळ्यांना मात्र हे उलटं दिसतं. मूल एवढं पाणी पितं म्हणून एवढी लघवी होते, असं आपण धरून चालतो, आणि मग उपायही उलटाच सुचतो: पाणी कमी करा. अशा मुलाचं पाणी तोडलं तरी लघवी थांबत नाही. ती शरीरातल्या शिल्लक पाण्यातून होत राहते आणि मूल आतून सुकत जातं.

लक्षणं असताना कोणत्याही वेळेची साखर २०० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाचं निदान होतं, आणि लहान मुलाच्या बाबतीत त्याच दिवशी रुग्णालयात जायचं असतं. 'आठवडाभर पथ्य पाळून बघू' हा पर्याय इथे नाही. उलट्या, पोटदुखी, खोल आणि भरभर चाललेला श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, अंगात त्राण नसणं, गुंगी यातलं काहीही दिसलं, तर तपासणीची वेळ ठरवत बसू नका, रात्र असली तरी थेट आपत्कालीन विभागात न्या. इन्सुलिनविना शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात आम्ल साठतं आणि काही तासांत मुलाची अवस्था गंभीर होऊ शकते. हीच वेळ टाळण्यासाठी मी तुम्हाला आज जायला सांगते आहे.

आता तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते सांगते. घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं वेगळं आहे, पण मूळ समज एकच: जे काही होतंय ते तलावामुळे होतंय. सासूबाईंना तो क्लोरीनचा दोष वाटतो, सरांना तलावाची टाळाटाळ, तुम्हाला पोहण्याच्या श्रमाने उतरलेलं अंग. असा समज होणं स्वाभाविक आहे. पोहणं आणि तहान पाठोपाठ आली, मग दोन्ही एकमेकांना जोडली गेली. अडचण अशी की वाढलेल्या साखरेच्या जवळजवळ प्रत्येक खुणेला तलावाकडे आयतं कारण तयार असतं. मूल दमलं, तर पोहून दमलं. वजन उतरलं, तर व्यायामाने उतरलं. नजर धूसर झाली, तर डोळ्यांत तलावाचं पाणी गेलं. एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मुलींच्या आयांनी ती जरूर विचारावी: शूच्या जागी खाज किंवा लाली आहे का? ओल्या पोहण्याच्या कपड्यांत बराच वेळ बसल्यानेही ती होते. पण लघवीत साखर उतरायला लागली की तिथे बुरशीचा संसर्ग होतो, आणि काही मुलींमध्ये मधुमेह सगळ्यात आधी दिसतो तो याच रूपात. मलम लावून खाज तात्पुरती जाते आणि कारण तसंच राहतं.

तलावाने तहान लागतच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. पाण्यात असताना घाम दिसत नाही, पण येतो, गरम केलेल्या तलावात तर चांगलाच. शिवाय शरीर गळ्यापर्यंत पाण्यात असलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे सरकतं; शरीराची समजूत होते की रक्ताचं प्रमाण वाढलं आहे, आणि मूत्रपिंडांना जास्त लघवी करण्याचा निरोप जातो. म्हणून पोहताना आणि पोहून झाल्यावर लघवी लागते. सरांना जे निमित्त वाटतं त्यात एवढं शरीरशास्त्र आहे. नाक चोंदलेलं मूल तोंडाने श्वास घेतं आणि तोंड कोरडं पडतं. अ‍ॅलर्जीच्या औषधांनीही तोंडाला कोरड येते. जुन्या, झोप आणणाऱ्या औषधांनी जास्त, नव्यांनी कमी. तुमच्या मुलीला नेमकं कोणतं औषध चालू आहे आणि ते सुरू झालं त्याच्या आधीपासून तहान होती का, हे आठवून बघा आणि डॉक्टरांना सांगा.

पण ही तहान पोहल्यानंतरच्या दोन-चार तासांची असते. मनसोक्त पाणी प्यायलं, लघवी झाली, की मिटते. औषधाने आलेली कोरड चूळ भरली, दोन घोट घेतले की भागते; त्यासाठी कोणी बाटल्या रिकाम्या करत नाही. पोहायला न गेलेल्या दिवशीही मूल तेवढंच पीत असेल, रात्री झोपेतून उठून पीत असेल, तर तलावाकडे बोट दाखवून भागत नाही. सुट्टीच्या दिवसांत तिची तहान कशी होती, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. ते मला फार जाणून घ्यायचं आहे.

साखर ठीक निघाली तर? सुटकेचा श्वास जरूर घ्या, पण तपास तिथे सोडू नका. पुढचं पाऊल घरीच टाकता येतं. सुट्टीच्या दोन दिवसांत तिने प्यायलेलं सगळं पाणी, दूध, पातळ पदार्थ मापाच्या भांड्याने मोजून वेळेसकट लिहा. लघवीही मोजता आली तर फारच उत्तम. एक जुनं मापाचं भांडं त्यासाठीच बाजूला ठेवा. तिच्यासमोर चेहरा गंभीर करू नका, 'डॉक्टरांनी आपल्याला मोजायचं काम दिलंय' एवढं सांगा. या वयाच्या मुलांना असं काम आवडतं.

मोजलेल्या आकड्यांकडे कसं बघायचं? युरोपातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एकूण १.६ लिटर पाणी पुरेसं धरलं. त्यात जेवणातून जाणारं पाणीही आलं, म्हणजे प्रत्यक्ष पिण्याचं सव्वा लिटरच्या आसपास. हवा गरम असली, खेळ जास्त झाला तर याच्या वर जाणं साहजिक आहे. म्हणून पिण्याच्या आकड्यापेक्षा लघवीचा आकडा जास्त बोलका असतो. तेवीस किलोच्या आसपास वजन असलेल्या मुलीला चोवीस तासांत पावणेदोन लिटरपेक्षा जास्त लघवी होत असेल, तर ती प्रमाणाबाहेर आहे आणि कारण शोधायलाच हवं. सकाळच्या पहिल्या लघवीचा रंगही बघा. रात्रभर न पिता झोपलेल्या मुलाची ती गडद असायला हवी. ती पाण्यासारखी पातळ असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते लघवीचा घट्टपणा, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम तपासतील.

यातून क्वचित एक वेगळाच आजार हाती लागतो. मेंदूकडून मूत्रपिंडांना 'पाणी राखून ठेवा' असा निरोप नेणारं एक संप्रेरक आहे, व्हॅसोप्रेसिन. ते कमी तयार झालं, किंवा मूत्रपिंडांनी त्याला दाद दिली नाही, की पाणी थेट लघवीतून निघून जातं. रक्तातली साखर अगदी व्यवस्थित असते. याला आजवर डायबेटिस इन्सिपिडस म्हणत आले. मधुमेहाशी गल्लत होऊन रुग्णांचं नुकसान होऊ नये म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने नाव बदलून व्हॅसोप्रेसिनची कमतरता आणि व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध अशी दोन नावं सुचवली. या मुलांची तहान अनावर असते. बाटली मिळाली नाही तर ती न्हाणीघरातलं पाणीही पितात. तुमची मुलगी पोहताना तलावाचं पाणी मुद्दाम पिते का, हे सरांना विचारा. पोहणारी मुलं थोडं पाणी गिळतातच. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुलांच्या पोटात पाऊण तासात सरासरी ३७ मिलिलिटर पाणी गेलं होतं, मोठ्यांच्या दुपटीहून जास्त. ते नकळत जातं. ओंजळीने पिणं वेगळं, आणि ते दिसलं तर रागवायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं.

म्हणून सासूबाईंचा सल्ला सध्या अजिबात पाळू नका. संध्याकाळनंतर पाणी बंद करण्यामागे नातीची काळजी आहे, हे मला दिसतं. गादी ओली होऊ लागली की बरीच घरं हेच करतात. पण कारण कळण्याआधी तहानलेल्या मुलाचं पाणी तोडणं धोक्याचं आहे. व्हॅसोप्रेसिनच्या आजारात पाणी न मिळाल्यास रक्तातलं सोडियम काही तासांत वाढू शकतं. पाणी रोखून बघण्याची एक चाचणी असते खरी, पण ती रुग्णालयात, दर थोड्या वेळाने वजन आणि रक्त तपासत करतात. घरी ती करायची नसते.

सगळे अहवाल चांगले आले आणि सकाळची लघवी छान गडद निघाली, तर तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं ठरेल: सवय. तशी सवय असते. अशी मुलं खेळात रमली की पाणी विसरतात, रात्री शांत झोपतात, साध्या पाण्यापेक्षा गोड पेयांवर त्यांचा जीव असतो. काहींना बाटली तोंडाला लावून बसण्यात आधार वाटतो. नवी शाळा, घरातला ताण, आवाजाची भीती अशा वेळी ती बाटली जवळ ओढतात. काही मुलांना तहान, भूक, लघवीची भावना या आतल्या खुणा इतरांहून फार कमी किंवा फार जास्त जाणवतात. स्वमग्न मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. तेव्हाही मात्रा हळूहळूच कमी करायची. गोड पेयं आधी थांबवा, मग लहान पेला द्या, बाटली हातात राहू देऊ नका. आणि उलट बाजूचाही धोका लक्षात असू द्या. थोड्या वेळात फारच जास्त पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकेदुखी, उलट्या, असंबद्ध बोलणं, झटके येणं ही त्याची लक्षणं, आणि तीही रुग्णालयात न्यायचीच. 'पाणीच आहे, कितीही पिऊ दे' हे पूर्ण खरं नाही.

किती पाणी द्यावं, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणून असं आहे: कारण कळेपर्यंत ती मागेल तेवढं, आणि साधंच.

आता तलावाकडे वळते. तिथला त्रासही खरा आहे आणि तो बराचसा सोडवता येण्यासारखा आहे. आपल्याला वाटतं, क्लोरीनचा उग्र वास येतो म्हणजे तलाव स्वच्छ आहे आणि मुलाला क्लोरीनची अ‍ॅलर्जी आहे. दोन्ही समज तपासून घ्यायला हवेत. पाण्यात क्लोरीन टाकलं की ते पोहणाऱ्यांच्या घामाशी, लघवीशी, अंगावरच्या मळाशी आणि क्रीमशी संयोग पावतं आणि त्यातून क्लोरामाइन तयार होतात. तो वास मुख्यतः त्यांचा. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, तोही बराचसा त्यांच्यामुळेच. त्यातला एक प्रकार वायुरूप होऊन पाण्याच्या पृष्ठभागालगत साठतो, म्हणजे नेमका पोहणाऱ्या मुलाच्या नाकातोंडाजवळ. बंदिस्त जागेत तो बाहेर जात नाही. म्हणून उग्र वासाच्या तलावात क्लोरीन जास्त आहे असं समजू नका. तिथे माणसांची घाण जास्त आणि हवा खेळती नाही, असा त्याचा अर्थ असण्याची शक्यता अधिक.

यामुळे तुम्हाला काही करता येतं. तलावाच्या व्यवस्थापकांना विचारा की पाण्याची तपासणी किती वेळा होते आणि नोंद कुठे ठेवतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीप्रमाणे मोकळं, म्हणजे अजून कशाशी संयोग न पावलेलं, क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आणि पाण्याचा पीएच ७.० ते ७.८ असावा. चांगल्या तलावावर हे आकडे फळ्यावरच लिहिलेले असतात. विचारल्यावर कपाळाला आठ्या पडत असतील तर दुसरा तलाव बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. उघड्यावरचा तलाव मिळाला तर खोकल्यासाठी तो कधीही बरा. नाहीतर गर्दीनंतरची वेळ टाळून दिवसाचा पहिला वर्ग घ्या. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट शॉवरखाली अंग धुतलं तरी अंगावरचा बराचसा मळ निघून जातो आणि क्लोरामाइन कमी तयार होतात. तुमच्या एकटीच्या मुलीने धुऊन पाण्यात फारसा फरक पडणार नाही. म्हणून हा नियम सगळ्या वर्गाला लागू करा, असा आग्रह पालकांनी मिळून धरायला हवा.

कोपराच्या आत आणि गुडघ्याच्या मागे खाज येते, हे वाचून मला वाटतं की तिची त्वचा मुळात कोरडी, एक्झिमाकडे (खाज आणि पुरळ येणाऱ्या त्वचेच्या विकाराकडे) झुकणारी असावी. त्या जागा त्याच्याच आहेत. तसं असेल तर पाण्यात जाण्याआधी त्या भागावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, बाहेर आल्यावर लगेच कोमट साध्या पाण्याने आंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, हा क्रम चुकवू नका. पोहण्याचे कपडे लगेच बदला. डोळ्यांसाठी नीट बसणारा गॉगल पुरतो.

खोकल्याकडे मात्र जास्त लक्ष द्या. पोहताना किंवा नंतर छातीत घरघर, धाप, रात्रीचा खोकला वारंवार होत असेल तर तो बाळदमा असू शकतो. बाळदमा असलेल्या मुलांनी पोहू नये असं नाही. दमट हवेमुळे धावण्यापेक्षा पोहणं त्यांना बऱ्याचदा सोसतं. आधी नीट उपचार आणि हवा चांगली असलेला तलाव, एवढं हवं. एका गोष्टीबाबत मात्र तडजोड नको. पाण्यातून बाहेर आल्यावर अंगभर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना भेटेपर्यंत पाण्यात पाठवू नका. थंडीने पित्त उठणाऱ्या माणसांना थंड पाण्यात पोहताना तीव्र प्रतिक्रिया येऊन शुद्ध हरपू शकते, आणि पाण्यात शुद्ध हरपणं म्हणजे काय ते सांगायला नको.

मग पोहणं बंद करायचं का? साखरेचा अहवाल येईपर्यंत थांबवा. ती आजारी असू शकते आणि अशा मुलाला श्रमाला लावू नये, एवढंच त्याचं कारण. त्यानंतर, काहीही निघालं तरी, तिला पाण्यात परत न्या असं मी सुचवेन. पोहता येणं हे जीव वाचवणारं कौशल्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली बरीच लहान मुलं होती. शाळकरी मुलांना पोहणं शिकवावं, असं ही संघटना आवर्जून सांगते. मधुमेह निघाला तरी हे दार बंद होत नाही. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनिअर याला १९९९ मध्ये टाइप १ मधुमेह झाल्याचं कळलं. पुढच्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक विभागून मिळवलं आणि २००४ मध्ये अथेन्सला तेच पदक पुन्हा जिंकलं. मुलाच्या बाबतीत त्यासाठी पोहण्याआधी आणि नंतर साखर बघणं, काठावर गोड पदार्थ हाताशी ठेवणं आणि काठावरच्या मोठ्या माणसाला सगळं ठाऊक असणं गरजेचं असतं. हे शिकता येतं.

या सगळ्यात मुलीचं स्वतःचं म्हणणं पत्रात एका वाक्यानेही आलेलं नाही. तिला रात्री निवांतपणे विचारा. 'तुला पोहायला आवडत नाही का?' असं विचारलंत तर हो किंवा नाही एवढंच येईल. 'तलावावर सगळ्यात नकोसं काय वाटतं?' असं विचारा. कदाचित आवाज घुमतो तो सहन होत नसेल, गार पडत असेल, नाकात पाणी गेल्याची भीती बसली असेल. कदाचित तिथलं एकच स्वच्छतागृह घाण असेल. आणि गेले काही दिवस वर्गात, तलावावर आणि घरी तिच्या पाण्यावर आणि शूवर सगळ्यांची नजर आहे. लाजेने ती शू रोखून धरत असेल, तर तो आणखी एक त्रास. ओल्या गादीबद्दल तिला एक शब्दही बोलू नका. ते तिच्या हातात नव्हतं.

यजमानांशी वाद घालू नका. 'सवय असेल तर एका थेंबात कळेल, चला' असं म्हणा, आणि शक्यतो दोघांनी मिळून जा; तोच आकडा दोघांनी एकत्र ऐकलेला बरा. सासूबाईंना पाणी मोजून लिहिण्याचं काम द्या. नातीकडे त्यांच्याइतकं बारीक लक्ष घरात दुसऱ्या कुणाचं नसणार, आणि पाणी तोडण्यापेक्षा मोजणं जास्त उपयोगाचं आहे, हे करता करता त्यांच्याही ध्यानात येईल. शाळेच्या बाईंना आजच चिठ्ठी द्या: 'तिची तपासणी चालू आहे. निष्कर्ष कळेपर्यंत तिला परवानगी न मागता पाणी प्यायला आणि स्वच्छतागृहात जाऊ द्यावं. ती किती वेळा जाते ते लिहून ठेवलंत तर डॉक्टरांना मदत होईल.' तलावावरच्या सरांनाही हेच सांगा. पोहणं पुन्हा सुरू होईल तेव्हा बाटली काठावर ठेवू द्यावी, खोकला आला किंवा दम लागला तर तिला लगेच बाहेर घ्यावं आणि बाहेर आल्याबद्दल सगळ्यांसमोर टोकू नये, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.